तात्यांची जीप, आबांची व्हॅन

आमच्या स्टाफरूममध्ये दुपारी डबे उघडले की भाजीची चौकशी नंतर होते. आधी कुणीतरी विचारतंच, "काय गं, गाड्यांची काय खबर?" मी बारामतीला शाळेत शिकवते आणि लासुर्ण्याहून रोज ये-जा करते. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, घडेल एखादा प्रकार, चार दिवस हसू आणि संपेल. कसलं काय! दोन भाऊ, दोन जुन्या गाड्या आणि एक अंगण एवढी सामग्री असली की किस्से शोधावे लागत नाहीत. माळ्यावर रिकामे डबे साठावेत तसे ते साठत जातात, आणि एकही टाकवत नाही.

तर ओळख करून देते. तात्या म्हणजे माझे सासरे. ऊस, दोन म्हशी आणि डिझेलवरची जीप हा त्यांचा संसार. आबा म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, हायस्कूलातून रिटायर झालेले गणिताचे सर. त्यांची पेट्रोलची पांढरी व्हॅन, सरकत्या दाराची. घरात चूल एक, गाड्या दोन. जीप दणकट पण दांडगट, व्हॅन सोज्वळ पण नाजूक. आणि दोन्ही माझ्या लग्नाच्या आधीपासूनच म्हाताऱ्या.

यंदा मात्र मस्करीची कुस्करी झाली. दोन्ही गाड्यांच्या पासिंगची मुदत एकाच पावसाळ्यात संपत होती. माझा नवरा संदीप, ज्याला कधी काय बोलावं ते आजवर कळलेलं नाही, जेवताना म्हणाला की आता एकाच गाडीचं पासिंग करून घेऊ, दुसरी मोडीत देऊ. 'मोडीत' म्हटल्यावर तात्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. आबांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

बरं, कुठली ठेवायची हे सांगणार कोण? जो तोंड उघडेल त्याला दुसऱ्याचं तोंड जन्मभर बघावं लागणार. शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. "आक्का पंचमीला येत्यात न्हवं? त्या ज्या गाडीत बसून येतील ती ऱ्हाईल. दुसरी जाईल. इषय संपला."

आक्का म्हणजे या दोघांची थोरली बहीण, इथून जवळच कळंबला दिलेली. नागपंचमीला बहिणीला माहेरी न्यायला भाऊ जातो, त्याला आमच्याकडं मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी दारात आल्याशिवाय आक्का उंबरा ओलांडत नाहीत. मुलगा म्हणतो मोटारसायकलवर सोडतो, तर त्याला म्हणतात, "मला काय भाऊ न्हाईत व्हय?" त्यामुळे सासूबाईंचा निकाल दोघांनाही पटला. दोघांनाही खात्री होती की आक्का आपल्याच गाडीत बसणार.

पण तात्यांचं मला वाईट वाटायला लागलं. दुपारी जेवण झालं की ते जीपमध्ये बसून पेपर वाचतात. गाडी कुठं जात नाही, तेही कुठं जात नाहीत. विचारलं तर म्हणतात, हितं वारा चांगला लागतो. त्या दिवसापासून ते पेपर न घेताच जाऊन बसायला लागले. स्टेअरिंगवर हात ठेवून नुसते बसायचे.

मग पंचमीपर्यंत रोज संध्याकाळी अंगणात कोर्ट भरायला लागलं. जुने किस्से एकेक करून पुराव्यात दाखल व्हायला लागले.

०००

पहिला पुरावा माझ्याच लग्नाचा.

लग्न बारामतीच्या कार्यालयात झालं. पाठवणीच्या वेळी बाहेर दोन्ही गाड्या झेंडूच्या माळा घालून उभ्या. तात्या म्हणाले, नवरा-नवरी जीपमध्ये, लोकांना दिसली पाहिजेत. आबा म्हणाले, व्हॅनमध्ये, पोरीच्या शालूला धूळ लागता कामा नये. माझे वडील मधे हात जोडून उभे, त्यांना वाटलं मानपानाचं काही बिनसलं. अर्धा तास खल झाल्यावर असं ठरलं की नवरा जीपमध्ये बसेल आणि नवरी व्हॅनमध्ये. कुणाचंच मन मोडलं नाही. आमचं दोघांचं कुणी विचारलं नाही.

सणसरच्या पुढं व्हॅन तापली. त्या गाडीचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली, त्यामुळे गाडी तापल्याचं काट्याच्या आधी ड्रायव्हरला कळतं. आबा एकदम उभेच राहिले. मग गाडी बाजूला, पाणी कुठं मिळेल ते बघा, मी शालूत रस्त्याच्या कडेला. जीप केव्हाच पुढं गेलेली, तिला मागचं काही दिसत नाही आणि ऐकूही येत नाही.

इकडं लासुर्ण्यात सासूबाई दारात तांदळाचं माप ठेवून, ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या. जीप थांबली. संदीप फेटा सावरत एकटाच उतरला. सासूबाईंनी त्याच्या मागं बघितलं, जीपच्या आत बघितलं आणि विचारलं, "आरं, लगीन करून आलास का नुसतं बघून आलास?"

०००

व्हॅन शेतीच्या कामाची नाही, हा तात्यांचा कायमचा मुद्दा. आबांनी तो एकदा मनावर घेतला.

उसाच्या लागणीला बेणं आणायचं होतं. आबांनी व्हॅनच्या मधल्या सीटा काढल्या, आत जुनी चादर अंथरली आणि बारामतीकडच्या एका मित्राच्या शेतातून ऊस भरला. आता ऊस काही व्हॅनच्या मापानं वाढत नाही. शेंडे मागच्या दारातून हातभर बाहेर आले. आबांनी दार वर करून दोरीनं बांधलं आणि मोठ्या रुबाबात निघाले. सणसरला चहा प्यायला थांबले.

चहा पिऊन बाहेर येतात तर व्हॅनच्या मागं दोन म्हशी. शेंडे संपवून त्या आतल्या कांड्यांपर्यंत पोचल्या होत्या. म्हशींचा मालक शेजारीच उभा होता, अगदी निवांत. तो आबांना म्हणाला, सर, मला वाटलं तुम्ही वैरण वाटायला निघालाय.

उरलेलं बेणं घेऊन आबा घरी आले. तात्यांनी मागचं दार उघडून आत बघितलं आणि फक्त, "एवढंच?" म्हणाले. पण गणिताचे सर हार मानतात होय! आबा म्हणाले, "वजन घटलं, त्यामुळं येताना ॲव्हरेज वाढला. लिहून ठेवा."

०००

ॲव्हरेजवरून तर आमच्याकडं एकदा रीतसर परीक्षाच झाली.

इंदापूरला भावकीतलं लग्न होतं. दोन्ही गाड्या जाणारच होत्या, तेव्हा आबा म्हणाले, एकाच पंपावर टाक्या फुल्ल करू आणि परत येऊन बघू कुणी किती पिलं. शास्त्रशुद्ध व्हावं म्हणून दोन्हीकडं सारख्याच वजनाची माणसं बसवायची. त्यासाठी त्यांनी दुकानातून वजनकाटा मागवला. काकू, म्हणजे आबांच्या मंडळी, काट्याकडं बघूनच म्हणाल्या की मी लग्नालाच येत नाही. काटा परत गेला.

निघालो. तात्यांची युक्ती मला जंक्शन गाव यायच्या आधीच कळली, कारण मी जीपमध्ये होते. जरा उतार दिसला की ते इंजिन बंद करायचे. गाडी आपली घरंगळतेय, वारा सुटलाय, तात्या खुशीत. फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली नव्हती, बॅटरी उतरलेली होती. उतार संपला की जीप थांबायची, आणि लग्नाचे इस्त्रीचे कपडे घातलेले सगळे पुरुष खाली उतरून धक्का मारायचे. पुन्हा उतार दिसला की पुन्हा इंजिन बंद. संदीपचा शर्ट इंदापूर येईपर्यंत अंगाला चिकटला होता. मांडवात लोकांनी त्याला विचारलं, तू काय पळत आलास?

परत आल्यावर जीपच जिंकली. आबा चिडले, म्हणाले धक्का हेसुद्धा इंधनच धरायचं. तात्या म्हणाले धक्का फुकट असतो. वाद हातघाईवर यायला लागला तेव्हा सासूबाई मधे पडल्या. "भावजी, खरं हाय तुमचं. जीपला डिझेल कमी लागतं, पण जिलेबी लई लागती. ढकलणाऱ्यांची ताटं मी बघितल्यात."

०००

मी गाडी शिकले तीही दोन्हीवर, आणि दोन्ही गुरूंकडून.

आबांनी आधी आठवडाभर गाडीला हातच लावू दिला नाही. पडवीतल्या भिंतीवर खडूनं गिअरचा नकाशा काढला आणि मला समोर पाटावर बसवलं. क्लच दाबला म्हणजे आत नेमकं काय होतं, हे मला आजही झोपेत विचारलं तरी सांगता येईल. तात्यांना हे बघवेना. एक दिवस त्यांनी मला पाटावरून उठवलं, जीपमध्ये बसवलं आणि कॅनॉलच्या रस्त्यावर नेलं. त्यांचं शिक्षण एका वाक्यात संपलं, "पाणी दिसलं की डावीकडं, ऊस दिसला की उजवीकडं."

मी पाण्यापासून गाडी वाचवली. त्या नादात उसाकडं लक्ष राहिलं नाही. जीप सरळ फडात शिरली आणि ऊस आडवा करत करत आपणहून थांबली. मी घाबरून रडायच्या बेतात. उसाचा मालक धावत आला, तो तात्यांच्या ओळखीचाच. त्याला वाटलं तात्याच चालवत होते, म्हणून तो आधी गाडीची चौकशी करायला लागला, मग तात्यांची, मग उसाची.

तात्या शांतपणे उतरले, बंपरला अडकलेली पाचट काढली आणि मला म्हणाले, "बघ पोरी, जीप हाय म्हणून ऊस पडला. व्हॅन असती तर व्हॅन पडली असती."

०००

आता व्हॅनच्या बाजूचा सगळ्यात तगडा पुरावा. हा आबा सांगायला लागले की तात्या उठून म्हशींकडं जातात.

आबांच्या मुलीला, प्राजक्ताला, बघायला पाहुणे यायचे होते. ते एसटीनं इंदापूरपर्यंत येणार आणि तिथून आबा त्यांना व्हॅननं घेऊन येणार. मुलगा, त्याचे आई-वडील आणि मध्यस्थ मामा. मामा पुढं बसले, तिघं मागं. सगळा प्रवास झकास झाला. अंगणात गाडी थांबली, आबा उतरले, मामा उतरले, आबांनी मोठ्या अदबीनं सरकतं दार ओढलं. दार सरकलं नाही.

पुन्हा ओढलं. मग मामांनी ओढलं. पलीकडचं दार उघडायचा प्रश्नच नव्हता, ते कधीचंच बसलेलं, आबा ते सुरक्षेसाठी बंद ठेवलंय असं सांगायचे. तात्या दार उचकटायला लोखंडी टॉमी घेऊन आले तर आबा दाराला पाठ लावून उभे राहिले, रंग जाईल म्हणून. मग तात्यांनी मागच्या डिकीतून उतरायचा मार्ग सुचवला. मुलाच्या आईनं पैठणीचा पदर सावरून त्यांच्याकडं नुसतं बघितलं. तात्यांनी सूचना मागं घेतली आणि एवढंच म्हणाले, माझ्या जीपला दारंच न्हाईत.

इकडं पोहे गार व्हायला लागले. काकूंना रडू यायला लागलं. शेवटी मीच म्हटलं, बशा खिडकीतून देऊ. दिल्या. पाणी दिलं. चहा दिला. मग प्राजक्ता आली आणि खिडकीशी उभी राहिली. पाहुणे आत, मुलगी बाहेर, कोण कुणाला बघायला आलंय तेच कळेना. मुलानं विचारलं, तुम्हाला गाडी चालवता येते का? प्राजक्ता म्हणाली, "येते, पण ही नाही." मुलगा असा मनापासून हसला की गाडी हलली.

त्याच्या वडिलांनी बायकोकडं बघितलं, मुलाकडं बघितलं, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून आबांना म्हणाले, "आमची पसंती हाय. आता तरी दार उघडा."

आबा पेढे आणायला आत वळले तेवढ्यात तात्यांनी दाराला एक लाथ घातली. उघडलं. रंग थोडा गेला. पण आबा आजही छाती काढून विचारतात, जीपनं एक तरी लग्न जमवलंय का?

०००

असं करत करत पंचमी आली.

पंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपवास असतो. आक्का तो दोन्ही भावांसाठी धरतात, आणि माहेरी येऊन आमच्या हातची भगर पुढ्यात येईपर्यंत तोंडात काही घालत नाहीत. त्यांना आणायला जायचं ते त्याच दिवशी सकाळी. दोघांनी आदल्या संध्याकाळीच गाड्या धुऊन पुसून ठेवल्या होत्या. आक्कांचे गुडघे दुखतात म्हणून तात्यांनी जीपला खास लोखंडी पायरी जोडून घेतली होती. आबांनी व्हॅनमध्ये नवी गादी टाकली होती. मी शाळेत रजा टाकली होती. हा निकाल मला चुकवायचा नव्हता.

सकाळी मी चहा टाकत होते तेव्हा आबा मागच्या दारानं स्वयंपाकघरात आले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "सूनबाई, मी काही जात नाही. आक्का व्हॅनमध्ये बसली तर जीप जाईल, आणि जीप गेली तर तात्या खचतील. मला दिसतंय ना. मी आपला सणसरला मित्राकडं जाऊन बसतो. तात्यांना आणू दे. कुणाला बोलू नकोस."

मला एकदम भरून आलं. एवढे पुरावे, एवढी भांडणं, आणि शेवटी हा माणूस आपली गाडी सोडून द्यायला निघाला. मी मान हलवली. थोड्या वेळानं बघितलं तर अंगणात व्हॅनही नव्हती आणि जीपही नव्हती. म्हटलं, गेले तात्या कळंबला.

सासूबाई माझ्या शेजारीच भगर निवडत बसल्या होत्या. त्या मधूनच गालात हसत होत्या. मला वाटलं, आक्का येणार म्हणून खूश आहेत. मला काय माहीत, की पहाटे तात्यांनी त्यांना गोठ्यात गाठून सांगितलं होतं, "पायरी लावली खरी, पण आक्काला वर वढूनच घ्यावं लागंल. तिचं गुडघं ऱ्हायलं न्हाईत. व्हॅनमधी निवांत येईल ती. आबाला जाऊ दे. मी जीप घिऊन उसाकडं जातो. गाडी जाईना का. तू बोलू नगंस कुणाला."

म्हणजे एका चुलीपुढं आम्ही दोघी, दोघींच्या पोटात एकेक गुपित, आणि एकाच भगरीला आळीपाळीनं ढवळत होतो.

दुपार झाली. आधी व्हॅन आली. आबा उतरले, चप्पल काढली आणि पडवीत येऊन इकडंतिकडं बघायला लागले. मागोमाग जीप आली. तात्या उतरले. त्यांनी व्हॅनच्या आत डोकावून बघितलं, मग आबांना विचारलं, "आक्का आत गेली व्हय?"

आबा म्हणाले, "तुमच्यासंगं न्हवती?"

सासूबाईंच्या हातातला डाव खाली पडला. आक्का सकाळपासून पिशवी भरून, उपाशीपोटी, कळंबला ओट्यावर बसलेल्या. त्यांनी फोन का केला नाही म्हणाल, तर मुऱ्हाळ्याला फोन करून बोलवायचं नसतं. जी बाई अशी फोन करते तिला माहेर नाही, असं आक्का मानतात.

दोघं भाऊ अंगणात धावले. आणि तिथंही! तात्या म्हणतायत तुझी काढ, आबा म्हणतायत तुमची काढा. दोघांचे चेहरे पांढरे पडलेले, चाव्या हातात, आणि दोघंही एकमेकांना दुसऱ्याच्या गाडीकडं ढकलतायत.

तेवढ्यात दारात दुधाचा टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हरशेजारी आक्का, मांडीवर पिशवी. वाट बघून बघून शेवटी मुऱ्हाळ्याशिवायच उंबरा ओलांडलेला. तात्या हात द्यायला पुढं झाले. आक्कांनी हात धरला नाही. दांडीला धरून, ओठ घट्ट मिटून, एकेक पाय खाली टाकत त्या स्वतःच उतरल्या. टेम्पो गेला. आक्कांनी अंगणात उभ्या असलेल्या दोन्ही गाड्यांकडं बघितलं. धुतलेल्या, पुसलेल्या, चकचकीत. मग भावांकडं बघितलं.

"ह्यातली चालती कंची हाय?"

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खाली बघत पिशवी घेतली. आबा पळत जाऊन पायांवर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन आले. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. आणि मी आधीच सांगितलंय, माझ्या नवऱ्याला कधी काय बोलावं ते कळत नाही. तो पडवीतून म्हणाला, "आक्का, मग कुठल्या गाडीचं पासिंग करायचं?"

आक्कांनी एका पायावर पाणी घेतलं, मग दुसऱ्या पायावर घेतलं.

"दोन्ही ठिवा," त्या म्हणाल्या. "एक तरी येईल."